गोल्फच्या मैदानावरील समूहछायाचित्र : आरंभकाळाचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

समूहछायाचित्र हे इतिहासाचे सर्वांच्या परिचयाचे, परंतु फारसे न तपासले गेलेले साधन आहे. संस्थेचा वर्धापनदिन असो, सेवानिवृत्तीचा समारंभ असो किंवा एखाद्या स्पर्धेचा शेवटचा दिवस असो, सर्वांनी एकत्र उभे राहून छायाचित्र काढून घेण्याची प्रथा आज जगभर रूढ आहे. छायाचित्र चांगले आले की नाही, हे आपण बहुधा एकाच कसोटीवर ठरवतो. सर्वांचे चेहरे स्पष्ट दिसतात ना, कोणाचे डोळे मिटलेले नाहीत ना, एवढे पाहिले की आपले समाधान होते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ही कसोटी पुरेशी वाटत नाही. चौकटीत कोण आहे, तो कोणत्या जागी उभा आहे, त्याच्या हातात काय आहे आणि त्याचे नाव नोंदले गेले आहे की नाही, हे प्रश्न त्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असतात.

प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार गोल्फच्या मैदानावरील समूहछायाचित्रांच्या आधारे केला आहे. हा विषय निवडण्याचे कारण असे की, आधुनिक गोल्फचे माहेर मानले जाणारे स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज हे गाव छायाचित्रणाच्या आरंभीच्या प्रयोगांचेही एक प्रमुख केंद्र होते. खेळ आणि कॅमेरा यांची एवढ्या लवकर आणि एवढ्या जवळून गाठ पडल्याची उदाहरणे थोडी आहेत. शिवाय या खेळात खेळाडूबरोबर त्याच्या काठ्या वाहून नेणारा कॅडी सतत असतो. मालक आणि सेवक एकाच हिरवळीवर, एकाच चौकटीत उभे राहतात. त्यामुळे समाजातील उतरंड कॅमेऱ्यासमोर कशी मांडली जाते, हे या छायाचित्रांत विशेष स्पष्टपणे पाहता येते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) गोल्फच्या मैदानावरील समूहछायाचित्रणाची तांत्रिक पार्श्वभूमी समजून घेणे.
२) तंत्र, मैदानाची रचना आणि सामाजिक दर्जा यांचा छायाचित्रातील मांडणीवर झालेला परिणाम तपासणे.
३) चांगले समूहछायाचित्र कशाला म्हणावे, याचा ऐतिहासिक साधनाच्या दृष्टीने विचार करणे.

सेंट अँड्र्यूज : खेळ आणि रसायन

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८४१ मध्ये कॅलोटाइप पद्धतीचे एकस्व इंग्लंडमध्ये घेतले. या पद्धतीत रासायनिक लेप दिलेल्या कागदावर प्रथम उलटी प्रतिमा मिळे आणि तिच्यावरून हव्या तितक्या सुलट प्रती काढता येत. टॅल्बट यांचे एकस्व स्कॉटलंडला लागू नव्हते. त्यामुळे तेथील हौशी प्रयोगकर्त्यांना शुल्क न भरता ही पद्धत वापरता आली. सेंट अँड्र्यूज येथील युनायटेड कॉलेजचे प्राचार्य सर डेव्हिड ब्रूस्टर हे प्रकाशशास्त्राचे नामवंत अभ्यासक होते व टॅल्बट यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. त्यांच्या प्रोत्साहनाने गावातील डॉक्टर जॉन अ‍ॅडमसन यांनी ही पद्धत आत्मसात केली आणि आपला धाकटा भाऊ रॉबर्ट याला शिकवली. रॉबर्ट अ‍ॅडमसन याने १८४३ मध्ये एडिंबरो येथे व्यवसाय सुरू केला.

त्याच वर्षी स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. साडेचारशेहून अधिक धर्मोपदेशक प्रस्थापित चर्चमधून बाहेर पडले. या घटनेचे भव्य चित्र काढण्याचे चित्रकार डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल यांनी ठरवले. एवढ्या माणसांचे चेहरे टिपायचे कसे, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. ब्रूस्टर यांनी त्यांची रॉबर्ट अ‍ॅडमसनशी गाठ घालून दिली आणि त्यातून हिल-अ‍ॅडमसन ही प्रसिद्ध भागीदारी जन्माला आली. अ‍ॅडमसन १८४८ च्या आरंभी अवघ्या सव्विसाव्या वर्षी निवर्तला. हिल यांचे चित्र १८६६ मध्ये पूर्ण झाले. त्यात साडेचारशेहून अधिक व्यक्तिचित्रे आहेत. आधी छायाचित्रे घ्यायची आणि त्यांवरून समूहाचे चित्र रचायचे, ही रीत येथे रूढ झाली. समूहछायाचित्राच्या इतिहासातील हा पहिला टप्पा मानता येईल.

या वर्तुळातील आणखी एका व्यक्तीचा उल्लेख आवश्यक आहे. मेजर ह्यू लायन प्लेफेअर हे बंगाल तोफखान्यात दीर्घ काळ सेवा करून निवृत्त झाले व सेंट अँड्र्यूजला स्थायिक झाले. १८४२ पासून १८६१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते या गावचे प्रोव्होस्ट, म्हणजे नगरप्रमुख होते. गावाची स्वच्छता, रस्ते आणि गोल्फचे मैदान यांच्या सुधारणेचे श्रेय त्यांना दिले जाते. ब्रूस्टर यांच्यासह ते गावातील साहित्य व तत्त्वज्ञान मंडळात अग्रभागी होते. हिंदुस्थानात कमावलेल्या निवृत्तिवेतनावर जगणारा हा लष्करी अधिकारी गोल्फ आणि नवे विज्ञान या दोन्ही क्षेत्रांत वावरत होता, ही बाब त्या काळच्या साम्राज्यव्यवस्थेच्या दृष्टीनेही नोंद घेण्याजोगी आहे.

'द गोल्फर्स' : छायाचित्रावरून चित्र

चार्ल्स लीस यांचे 'द गोल्फर्स' हे तैलचित्र १८४७ मधील आहे. सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर १८४१ मध्ये झालेला एक सामना हा त्याचा विषय. एका बाजूला सर डेव्हिड बेअर्ड व सर राल्फ अँस्ट्रुदर, तर दुसऱ्या बाजूला मेजर प्लेफेअर व सॅडेलचे जॉन कॅम्पबेल अशी ही जोड्यांची लढत होती. प्लेफेअर यांनी टोलवलेला चेंडू होलच्या दिशेने सरकत आहे आणि सभोवतालचे पन्नासाहून अधिक लोक त्याकडे टक लावून पाहत आहेत, असा क्षण चित्रकाराने निवडला आहे. चित्राच्या एकूण रचनेसाठी लीस यांनी हिल व अ‍ॅडमसन यांनी सेंट अँड्र्यूज येथे घेतलेल्या छायाचित्राचा आधार घेतला होता. १८५० मध्ये चार्ल्स वॅगस्टाफ यांनी या चित्रावरून कोरलेले ठसाचित्र प्रसिद्ध झाले आणि ते अनेक घरांत पोहोचले. मूळ चित्र २००२ मध्ये स्कॉटलंडची राष्ट्रीय चित्रसंस्था व सेंट अँड्र्यूजचा रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लब यांनी संयुक्तपणे विकत घेतले.

या चित्रात क्षणाची निवड फार महत्त्वाची आहे. कॅलोटाइपसाठी चांगल्या उन्हातही माणसाला मिनिटभर किंवा त्याहून अधिक वेळ निश्चल राहावे लागे. धावत्या खेळाचे चित्रण त्या काळी अशक्यच होते. गोल्फमध्ये मात्र सर्वांनी श्वास रोखून उभे राहण्याचा क्षण खेळाच्या नियमांतच बसलेला आहे. हिरवळीवर चेंडू होलकडे निघाला की खेळाडू, कॅडी व प्रेक्षक सारेच स्थिर होतात. मंद गतीच्या कॅमेऱ्याला मानवणारा हा खेळ होता.

दुसरी बाब सामाजिक आहे. चित्रात सरदार-जमीनदार आहेत, तसे कॅडी आहेत, चेंडू तयार करणारा अ‍ॅलन रॉबर्टसन आहे आणि जिंजर बिअर विकणारी मुलगीही आहे. परंतु त्यांच्यातील भेद ओळखण्यास वेळ लागत नाही. क्लबच्या काही सभासदांचे तांबडे कोट दुरूनही उठून दिसतात. सार्वजनिक मैदानावर खेळ चालू असल्याची इतरांना सूचना मिळावी, हा तांबड्या कोटाचा एक उपयोग होता आणि सभासदत्वाची खूण हा दुसरा. चित्रात रंग आहे, म्हणून दर्जाही लगेच वाचता येतो.

काच, वारा आणि तांबडा रंग

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर लेप देऊन, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, लगेच प्रतिमा विकसित करावी लागे. हे सर्व काही मिनिटांत उरकायचे असल्याने छायाचित्रकाराला अंधारा तंबू आणि रसायने मैदानावर न्यावी लागत. त्याबदल्यात उघडझापीचा काळ काही सेकंदांवर आला आणि प्रतिमा अधिक रेखीव झाली. समूहाचे छायाचित्र आता चित्रकाराच्या मदतीशिवाय शक्य झाले.

तरीही समुद्रकाठच्या गोल्फ मैदानावर अडचणी होत्याच. स्कॉटलंडची जुनी मैदाने 'लिंक्स' प्रकारची आहेत. वाळूचे उंचवटे, आखूड गवत, झाडांचा अभाव आणि समुद्रावरून सतत येणारा वारा ही त्यांची लक्षणे. वाऱ्याने कोट व दाढी हलली की प्रतिमा पुसट होई. मागे झाड वा भिंत नसल्याने सपाट भूमीवर क्षितिजाची रेषा नेमकी डोक्यांच्या मागून जाई. माथ्यावरचे ऊन आणि टोपीची कड यांमुळे डोळे अंधारात बुडत. यावर जे उपाय योजता येत, त्यांतले बरेचसे आजही उपयोगी आहेत. उताराचा लाभ घेऊन मागची रांग उंचावर उभी करणे, ढगांनी उन्हाची तीव्रता कमी झाली की काच उघडणे, लोकांना परस्परांच्या खांद्याचा किंवा काठीचा आधार देणे, हे ते उपाय होत. गोल्फची काठी येथे दुहेरी कामाची ठरे. ती खेळाडूची ओळख सांगे आणि जमिनीवर टेकल्यावर त्याचे हात स्थिर ठेवी.

भिंगाचाही मांडणीवर परिणाम होत असे. १८४० मध्ये योझेफ पेट्झव्हाल यांनी रचलेले भिंग भरपूर प्रकाश आत घेई. परंतु त्याची स्पष्टता मध्यभागी उत्तम व कडांना कमी असे, आणि त्याचे स्पष्टतेचे क्षेत्र सपाट नसून वक्र होते. म्हणून माणसे सरळ रेषेऐवजी कॅमेऱ्याभोवती कमानीसारखी उभी करणे फायद्याचे ठरे. मान्यवरांना मध्यभागी ठेवण्याची सामाजिक रीत आणि मध्यभाग सर्वांत स्पष्ट उमटवणारे भिंग यांचा येथे मेळ बसला. कडेला उभ्या असलेल्या सेवकाचा चेहरा पुसट येण्यामागे केवळ मालकाची उपेक्षा नव्हती, काचेचाही त्यात वाटा होता.

कलोडियनचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, ही काच मुख्यतः निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देई. त्यामुळे आकाश कोरे पांढरे उमटे, ढग दिसत नसत आणि तांबडा रंग काळसर येई. लीस यांच्या चित्रात झळकणारा सभासदाचा तांबडा कोट छायाचित्रात कॅडीच्या मळक्या कोटासारखाच काळा दिसू लागला. रंगाने सांगितला जाणारा दर्जा कॅमेऱ्याने पुसून टाकला. तो टिकवण्यासाठी मग बसण्या-उभे राहण्याची जागा, टोपीचा प्रकार आणि हातातील वस्तू यांवर अधिक भर पडणे स्वाभाविक होते. मालकाच्या हातात एक काठी आणि कॅडीच्या काखेत काठ्यांचा जुडगा, हा भेद कोणत्याही काचेवर स्पष्ट उमटतो. त्या काळी काठ्यांसाठी पिशवी वापरण्याची पद्धत रूढ झालेली नव्हती, हे येथे लक्षात घ्यावे.

लीथ, १८६७ : कामगारांचे समूहछायाचित्र

एडिंबरोजवळील लीथ येथील मैदानाला गोल्फच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. १७४४ मध्ये येथील स्पर्धेसाठी खेळाचे तेरा नियम लिहिले गेले. याच मैदानावर १७ मे १८६७ रोजी झालेल्या स्पर्धेच्या वेळचे एक समूहछायाचित्र उपलब्ध आहे. त्यातील अकरा जणांची नावे डावीकडून उजवीकडे अशी नोंदलेली आहेत : अँड्र्यू स्ट्रॅथ, डेव्ही पार्क, बॉब कर्क, जेमी अँडरसन, जेमी डन, विली डाऊ, विली डन, ए. ग्रेग, टॉम मॉरिस, त्यांचा मुलगा टॉम आणि जॉर्ज मॉरिस.

हे सारे व्यावसायिक खेळाडू. त्या काळी 'व्यावसायिक' या शब्दाला आजची प्रतिष्ठा नव्हती. काठ्या वाहणे, चेंडू व काठ्या बनवणे, मैदानाची निगा राखणे आणि सभासदांना खेळ शिकवणे ही त्यांच्या वर्गाची कामे होती. थोरले टॉम मॉरिस हे अ‍ॅलन रॉबर्टसनच्या हाताखाली पिसे भरलेले चामडी चेंडू बनवण्याचे काम शिकले. गटापर्चाचे स्वस्त चेंडू १८४८ च्या सुमारास आले, तेव्हा त्यांवरून दोघांत वितुष्ट आले. पुढे १८५१ मध्ये मॉरिस प्रेस्टविकला मैदानाची व्यवस्था पाहण्यासाठी गेले आणि १८६० मध्ये तेथेच पहिली खुली अजिंक्यपद स्पर्धा आठ खेळाडूंमध्ये झाली.

लीसच्या चित्रात ज्या वर्गाला कडेची जागा मिळाली होती, तो वीस वर्षांनी लीथच्या छायाचित्रात संपूर्ण चौकट व्यापून उभा आहे. येथे मध्यभागी बसवायला कोणी सरदार नाही. खेळाडू म्हणून मिळवलेले कौशल्य हेच या चौकटीत प्रवेश मिळवण्याचे साधन आहे, आणि म्हणूनच नावेही टिकली आहेत.

नावे टिकल्यामुळे या छायाचित्राचे साधनमूल्य किती वाढते, हे पुढील घटनांवरून ध्यानात येते. १८६५ चा विजेता अँड्र्यू स्ट्रॅथ हा छायाचित्रानंतर वर्षभराच्या आत, १८६८ मध्ये क्षयाने मरण पावला. थोरले टॉम मॉरिस यांनी १८६७ च्या सप्टेंबरमध्ये आपले चौथे अजिंक्यपद मिळवले. छायाचित्रात सोळा वर्षांचा असलेला धाकटा टॉम १८६८ मध्ये विजेता झाला, त्याने एकूण चार वेळा ही स्पर्धा जिंकली आणि १८७५ च्या नाताळच्या दिवशी चोविसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. जेमी अँडरसन पुढे १८७७ ते १८७९ अशी सलग तीन वर्षे विजेता ठरला. नावे नसती तर ही जुन्या पोशाखातील अकरा अनोळखी माणसे ठरली असती. नावांमुळे एका व्यवसायाच्या घडणीचा नेमका क्षण आपल्या हाती लागतो.

याँकर्स, १८८८ : कॅडीचे नाव

१८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. पुढील दशकात तयार काचा बाजारात मिळू लागल्या आणि अंधाऱ्या तंबूची गरज संपली. याच सुमारास गोल्फ अमेरिकेत रुजत होता. डनफर्मलिन येथे जन्मलेले जॉन रीड यांनी न्यूयॉर्कजवळील याँकर्स येथे १८८८ मध्ये मित्रांसह कुरणात खेळ मांडला आणि त्याच वर्षी सेंट अँड्र्यूज नावाचाच क्लब स्थापन केला. त्या वर्षीच्या एका छायाचित्रात हॅरी होलब्रुक, ए. पी. डब्ल्यू. किनन, जॉन अपहॅम व जॉन रीड हे चार खेळाडू आणि त्यांचे दोन बाल कॅडी दिसतात. अमेरिकेतील गोल्फच्या आरंभीच्या छायाचित्रांत त्याची गणना होते.

या दोन्ही मुलांची नावे, वॉरन व फ्रेड, नोंदलेली आहेत. ती दोघे होलब्रुक घराण्यातीलच होती. कॅडी घरचाच असल्यावर त्याचे नाव टिकावे, यात नवल नाही. लीथमध्ये कौशल्यामुळे नाव टिकले, तर याँकर्समध्ये नात्यामुळे. ज्या कॅडीजवळ ना विजेतेपद होते ना घराणे, असे असंख्य कॅडी जगभरच्या क्लबांच्या जुन्या छायाचित्रांत केवळ 'कॅडीसह' एवढ्या उल्लेखाने उरले आहेत. स्त्रियांचे चौकटीतील स्थानही असेच उशिराने बदलले. सेंट अँड्र्यूजमध्ये स्त्रियांचा पटिंग क्लब १८६७ मध्येच स्थापन झाला असला, तरी रॉयल अँड एन्शंट क्लबने स्त्रियांना सभासदत्व देण्याचा निर्णय सप्टेंबर २०१४ मध्ये घेतला. तोवर त्या क्लबच्या सभासदांच्या समूहछायाचित्रात स्त्रीला सभासद म्हणून जागा असणे शक्यच नव्हते.

स्विल्कन पूल : सर्वांची चौकट

सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर पहिल्या व अठराव्या होलच्या पट्ट्यांतून जाणाऱ्या ओढ्यावर स्विल्कन नावाचा लहानसा दगडी पूल आहे. जॅक निकलॉस यांनी २००५ मध्ये याच पुलावरून प्रेक्षकांचा निरोप घेतला. जगभरातून येणारे हौशी खेळाडू व पर्यटक येथे गटागटाने छायाचित्रे काढून घेतात. समूहछायाचित्रासाठी ही जागा सोयीची का आहे, हे वरील विवेचनावरून कळते. पुलाच्या कमानीमुळे माणसे सपाट मैदानाहून थोडी उंचावर येतात, रांग आपोआप आखली जाते आणि मागे क्लबची इमारत व गाव अशी ओळखीची पार्श्वभूमी मिळते.

या गर्दीमुळे पुलाच्या तोंडाशी गवत टिकेनासे झाले. म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथे दगडी फरसबंदी करण्याचे काम हाती घेतले गेले. त्यावर जगभरातून टीका झाली आणि काही दिवसांतच ती काढून टाकण्यात आली. जे मैदान पार्श्वभूमी म्हणून हवे असते, त्याचीच झीज छायाचित्र काढणाऱ्यांच्या पावलांनी होते, हे या प्रकरणातून दिसून आले. मागून येणाऱ्या खेळाडूंचा खोळंबा न करणे, होलजवळची हिरवळ न तुडवणे आणि चेंडूच्या वाटेत उभे न राहणे, या साध्या शिस्ती म्हणूनच चांगल्या छायाचित्राचा भाग मानल्या पाहिजेत.

निष्कर्ष

१) गोल्फच्या मैदानावरील समूहछायाचित्राचे रूप केवळ छायाचित्रकाराच्या आवडीनुसार ठरलेले नाही. रसायनाची गती, भिंगाची वक्रता, वारा, उतार आणि उजेड यांनी ते घडवले आहे.

२) मध्यभाग व कड यांतील भेद सामाजिक आहे, तसा तांत्रिकही आहे. त्यामुळे कडेच्या पुसट चेहऱ्याचा अर्थ लावताना दोन्ही कारणे तपासावी लागतात.

३) लीस यांच्या १८४७ च्या चित्रापासून लीथच्या १८६७ च्या छायाचित्रापर्यंत कॅडी व कारागीर कडेवरून मध्यभागी आले. हा बदल त्यांच्या कौशल्याला आलेल्या किमतीचा दर्शक आहे.

४) समूहछायाचित्राचे साधनमूल्य नावांच्या नोंदीवर अवलंबून असते. चेहरा टिकवण्याचे काम कॅमेरा करतो, नाव टिकवण्याचे काम मात्र माणसालाच करावे लागते.

शेवटचा मुद्दा आपल्या महाविद्यालयांनाही लागू पडतो. भिंतीवरील जुन्या समूहछायाचित्रांत खुर्च्यांवर बसलेल्या मान्यवरांची नावे पदांसह असतात. मागच्या रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या शिपायाचे किंवा माळ्याचे नाव मात्र बहुधा नसते. त्याला ओळखणारे कोणी हयात आहे तोवरच ते मिळवता येईल. अशी नावे विचारून छायाचित्रांच्या मागे लिहून ठेवण्याचे काम इतिहास विभागांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून करून घेतले, तर त्याला कोणत्याही अनुदानाची गरज पडणार नाही.